फौजीची डबी: मसाला, खडीसाखर आणि घरची खुशाली

(भुसावळ स्टेशन. मालगाडी जातेय.)

हे आपलं भुसावळ जंक्शन. नागपूरकडची लाईन आणि इटारसीकडची लाईन इथं एकत्र येतात नि पुढे मनमाड, इगतपुरी करत मुंबई. दोन्ही महायुद्धांत मुंबईच्या बंदरातून बोटी भरभरून फौज परदेशात गेली, मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक, मग इजिप्त, मग इटली, आणि त्यात शेतकऱ्यांची पोरं किती तरी, ज्यांनी समुद्रसुद्धा कधी बघितला नव्हता. लढाया सगळ्यांनी लिहून ठेवल्या. पण ही पोरं तिकडे खायची काय, आणि घराची आठवण आली की करायची काय?

(पितळी डबीचा क्लोजअप.)

ही डबी बघा. 1914 चा नाताळ. इंग्लंडच्या राजाची मुलगी, राजकन्या मेरी, हिच्या नावानं तिकडे फंड जमवला आणि फौजेला भेट म्हणून या डब्या वाटल्या. झाकणावर मधोमध राजकन्येचा चेहरा, कडेनं फ्रान्स, रशिया, जपान, बेल्जियम अशी दोस्त देशांची नावं. गोऱ्या शिपायाला तंबाखू नि सिगारेट. शीख तंबाखूला शिवत नाहीत, म्हणून त्यांना खडीसाखर आणि मसाल्याची वेगळी छोटी डबी, आणि बाकीच्या बहुतेक हिंदी शिपायांना सिगारेट, खडीसाखर, मसाला असं तिन्ही. तिकडे बसून कुणाला तरी मसाला सुचला याचं मला खरंच कौतुक वाटतं. फ्रान्सच्या चिखलात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत चिमूटभर मसाला म्हणजे काय, ते खान्देशी माणसाला सांगायला नको, आपल्याकडे भरीत जरा फिकं झालं तर लोक ताट सरकवतात!

पण हे नुसतं प्रेम नव्हतं हां, त्यात हिशोब पण होता. जखमी हिंदी शिपायांना इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजवाड्यात ठेवलं, तिथं नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे नळ वेगळे, आणि मग त्याचे फोटो नि पोस्टकार्डं काढून सगळीकडे पोचवली, कारण गावात बातमी चांगली गेली तरच पुढची भरती होणार. शिपायाचा पगार महिन्याला 11 रुपये.

आणि जिथं मालच पोचला नाही तिथं काय झालं ते मेसोपोटेमियातल्या कूतला दिसलं. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 कूत-अल-अमाराला तुर्कांचा वेढा. आत 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं तसे घोडे कापायला सुरुवात झाली, गोरे खायला लागले, आपली बरीचशी पोरं नाही म्हणाली. धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या तरी किती तरी दिवस ऐकेनात, भाजीपाला नाही म्हणून स्कर्व्हीनं हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले. घरी जाऊन जातीत तोंड कसं दाखवायचं, ही भीती भुकेपेक्षा मोठी होती. शेवटी शेवटी खाल्लं बऱ्याच जणांनी, पण तोवर अंगात त्राण उरलं नव्हतं.

(जुनं पत्र, शाई फिकी झालेली.)

सगळ्यात मोठा आधार मात्र पत्राचा. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, मग पलटणीत जो लिहिणारा असेल त्याला गाठायचं, आपण बोलायचं, त्यानं लिहायचं, मग साहेबानं वाचायचं, मग फ्रान्समध्ये बसलेल्या सेन्सॉरनं, म्हणजे पत्रं तपासणाऱ्या सरकारी माणसानं वाचायचं, आणि इकडे गावात मास्तर नाहीतर पोस्टमन ओट्यावर मोठ्यानं वाचणार. बायकोला मनातलं लिहिणार कसं सांगा! तरी पोरं हुशार, काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरा, असं लिहून खबर द्यायची. सेन्सॉरनं ते ओळखलं, नोंदही केली, म्हणून तर आज आपल्याला माहिती.

दुसऱ्या महायुद्धाची गंमत वेगळीच. डिसेंबर 1936 ला आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, साम्राज्याच्या युद्धात हिंदुस्थान भाग घेणार नाही असं तिथं ठरलं, आणि पुढे याच देशातून 25 लाखांवर माणसं फौजेत गेली. त्यांच्या करमणुकीला सरकारनं फौजी दिलखुश सभा काढली, नाच-गाण्याच्या पार्ट्या छावण्यांमधून फिरायच्या. बरं वाटत असेल तेवढ्यापुरतं. पण 1942 ला नंदुरबारला शाळकरी पोरगा शिरीषकुमार इंग्रज सरकारच्या गोळीबारात गेला, पुढच्या वर्षी बंगालचा दुष्काळ, सगळीकडे धान्य महाग, आणि परदेशातल्या शिपायांच्या पत्रांत सेन्सॉरला सारखी एकच काळजी दिसायची, घरी धान्य आहे का, पाठवलेल्या पैशात भागतं का. आता यावर गाणं-बजावणं किती पुरणार? माझं तर म्हणणं, फौजीचं मनोबल छावणीत कमी आणि घरच्या कणगीत जास्त असतं.

आजही भारतीय जवान यूएनच्या मिशनवर दक्षिण सुदानपर्यंत जातात. पत्राच्या जागी व्हिडिओ कॉल आला, पण आपल्याकडचा पोरगा असला की विचारणार काय, तर कपाशीले काय भाव शे?

अशी जुनी पत्रं, डब्या, मेडलं खान्देशात कुणाच्या ना कुणाच्या पेटीत नक्की असतील. सापडली तर फोटो काढून ठेवा, मागच्या बाजूचा पण, शिक्के तिथंच असतात. आणि लॅमिनेशन तेवढं करू नका, ते परत काढता येत नाही.