चोवीस पाकिटे

(दृश्य : खिडकीबाहेर साचलेला बर्फ. आत जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकच्या आवरणातील एक खोके.)

कॅनडातील मिसिसागा शहरातल्या एका मराठी घरातील ही जानेवारीची दुपार आहे. टेबलावरच्या खोक्यात हॉकीच्या खेळाडूंची कार्डे आहेत. हॉकी म्हटल्यावर आपल्याला ध्यानचंद आठवतात, पण ही ती मैदानावरची हॉकी नव्हे. पायांत स्केट्स घालून, रबराच्या काळ्या चकतीचा पाठलाग करत बर्फावर खेळली जाणारी, आणि या देशातल्या लांबलचक हिवाळ्याला सोबत करणारी हॉकी आहे. खोके अपर डेक कंपनीच्या २०१९-२० या हंगामातील पहिल्या मालिकेचे आहे. त्यात २४ पाकिटे आहेत आणि प्रत्येक पाकिटात ८ कार्डे, म्हणजे एकूण १९२. गेली काही वर्षे ते या घराच्या तळघरात, दिवाळीच्या कंदिलांच्या पिशवीशेजारी, न उघडता पडून होते.

(दृश्य : आवरणावरून फिरणारे बोट, अगदी जवळून.)

उघडण्याआधी आवरण पाहायचे असते. त्यावर कंपनीचे बोधचिन्ह छापलेले आहे, आणि ते आहे की नाही हे पाहणे ही या छंदातली पहिली खबरदारी होय. कारण आतला चांगला माल काढून घेऊन, खोके पुन्हा साध्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून विकणारे लोक या बाजारात भेटतात. तपासणी झाली की कोपऱ्यावर नख रोवले जाते आणि आवरण एका ओढीत निघते. तो आवाज आम्ही या माहितीपटात जसाच्या तसा ठेवला आहे. त्यावर संगीत घालण्याचा मोह आवरला.

पाकिटे उघडणारे वडील आहेत आणि शेजारी बसून नियम सांगणारी त्यांची अकरा वर्षांची मुलगी आहे. वडिलांनी सवयीने कात्रीकडे हात नेला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, कात्री नको." तिचे बरोबर होते. कात्रीचे पाते कार्डाच्या कडेला नुसते लागले तरी ते कार्ड जन्मभरासाठी जखमी होते. म्हणून पाकीट मागच्या शिवणीवर दोन्ही अंगठ्यांनी फाकवायचे, कार्डांचा गठ्ठा कडांनी धरून बाहेर काढायचा आणि पालथा ठेवायचा.

पालथा का, तेही सांगितले पाहिजे, कारण सारी गंमत त्यातच आहे. कार्डाच्या मागे क्रमांक असतो. या मालिकेत १ ते २०० ही साधी कार्डे आहेत आणि २०१ ते २५० ही ‘यंग गन्स’, म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्ये नव्याने आलेल्या खेळाडूंची पदार्पणाची कार्डे. सरासरी चार पाकिटांत एक यंग गन्स निघते, म्हणजे खोक्यात सहा. पन्नासच्या पन्नास जमवायची तर एकही दुबार न निघण्याचे नशीब लाभूनही किमान नऊ खोकी फोडावी लागतील. मुलगी गठ्ठ्यातील एकेक कार्ड अंगठ्याने सरकवते आणि फक्त आकडा वाचते. चौऱ्याऐंशी. एकशे बारा. सदतीस. दोनशे अठरा! दोनशेच्या पुढचा आकडा दिसल्यावर कार्ड लगेच उलटे करायचे नाही, असा या घरचा शिरस्ता आहे. आधी उरलेली कार्डे पाहून घ्यायची.

(दृश्य : जुन्या सिगारेट-कार्डांचे छायाचित्र. नंतर खडूसारख्या गुलाबी च्युइंगमची पट्टी.)

ही चित्रे छापायला सुरुवात झाली तेव्हा लहान मुलांचा विचार कोणाच्या मनात नव्हता. १९१० पासूनच्या तीन हंगामांत कॅनडात सिगारेटच्या पाकिटांबरोबर हॉकीपटूंची छोटी रंगीत चित्रे मिळत असत. या तीन संचांत अनुक्रमे ३६, ४५ आणि ५० चित्रे होती, आणि संग्राहक आजही त्यांना सी-५६, सी-५५ आणि सी-५७ अशा सांकेतिक नावांनीच ओळखतात. त्यातल्या मधल्या संचात माँट्रियलचा गोलरक्षक जॉर्जेस व्हेझिना आहे. त्याच्या नावाचा चषक लीगमधल्या सर्वोत्तम गोलरक्षकाला अजूनही दिला जातो. पण ओढणारा सिगारेट ओढे आणि चित्र मुलाला देई, असा तो व्यवहार होऊन बसला.

पहिल्या महायुद्धानंतर तंबाखूची जागा गोळ्या-चॉकलेटांनी घेतली. १९२३-२४ मधल्या अशाच एका ४० कार्डांच्या संचात २५ व्या क्रमांकावर बर्ट कोर्बो नावाचा बचावपटू आहे, आणि त्याचे कार्ड आज अतिशय दुर्मिळ आहे. पूर्ण संच आणून देणाऱ्याला बक्षीस द्यावे लागे, म्हणून हे एक कार्ड मुद्दाम मोजकेच छापले असावे, असे जाणकार मानतात. पाकीट फोडणाऱ्याच्या आशेवर धंदा करण्याची युक्ती अशी शंभर वर्षांची जुनी आहे.

मग च्युइंगम आले. ऑन्टारियोतील लंडन गावात मॅकडर्मिड बंधूंनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या ओ-पी-ची कंपनीने १९३३ पासून च्युइंगमबरोबर हॉकीची कार्डे द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात हे सारे थांबले. त्यानंतरचा पहिला मोठा संच टोरांटोच्या पार्कहर्स्ट कंपनीने १९५१-५२ मध्ये काढला. त्यात १०५ कार्डे होती, आणि गॉर्डी हाव व मोरिस रिशार या दोन नामांकित खेळाडूंची पदार्पणाची कार्डे याच संचातली. ही कार्डे पाकिटांत भरण्यापूर्वी चक्क सिमेंट कालवण्याच्या यंत्रात घालून मिसळली जात, अशी कथा संग्राहक एकमेकांना सांगत आले आहेत. खरे-खोटे काहीही असो, त्या संचातले चारही कोपरे शाबूत असलेले कार्ड दिसले की लोक ही कथा हमखास काढतात.

(दृश्य : कार्डाची कड, भिंगाखाली. खरखरीत, दोरा सुटल्यासारखी.)

ही कड नीट पाहावी. ओ-पी-चीच्या जुन्या कार्डांची कड अशी कुरतडल्यासारखी असते, कारण छापील पत्रे कापायला कंपनी पात्याऐवजी तार वापरत असे. अमेरिकेतल्या टॉप्स कंपनीची तीच चित्रे, तोच आराखडा, पण त्यांची कड स्वच्छ. टॉप्सच्या कार्डावर पाठीमागे फक्त इंग्रजी मजकूर, तर ओ-पी-चीच्या पाठीवर इंग्रजीबरोबर फ्रेंचही. खरखरीत कड हा एकेकाळी दोष समजला जाई. आज जाणता संग्राहक तिच्यावरून बोट फिरवतो आणि मगच पैशांसाठी खिशात हात घालतो, कारण ती खरेपणाची खूण आहे.

अशाच तारेने कापलेल्या कार्डांतले १९७९-८० च्या संचातील १८ व्या क्रमांकाचे कार्ड वेन ग्रेट्झ्कीचे आहे. त्याचा एडमंटन ऑइलर्स हा संघ त्याच वर्षी नॅशनल हॉकी लीगमध्ये दाखल झाला होता, आणि हा तरुण पुढे गोल आणि गोलसाठीचे साहाय्य मिळून २८५७ गुण मिळवील, याची पाकीट फोडणाऱ्या मुलांना कल्पना असण्याचे कारण नव्हते. मुलांनी ती कार्डे सायकलच्या चाकात अडकवली, भिंतीवर टिचकीने फेकून जिंकली-हरली, रबरबँडने बांधून खिशात कोंबली. कार्डाची किनार निळी असल्याने कोपऱ्यावरचा रंग किंचित उडाला तरी पांढरा पुठ्ठा डोकावतो. च्युइंगमची पट्टी ज्या कार्डाला चिकटून असे त्यावर डाग पडे, तो निराळाच. त्यामुळे कार्डाची अवस्था तपासून गुण देणाऱ्या पीएसए या संस्थेकडून दहापैकी दहा गुण मिळालेली या कार्डाची फक्त दोन उदाहरणे माहीत आहेत. अशा कार्डाला २०१६ मध्ये ४ लाख ६५ हजार अमेरिकी डॉलर, डिसेंबर २०२० मध्ये १२ लाख ९० हजार डॉलर आणि मे २०२१ मध्ये ३७ लाख ५० हजार डॉलर मिळाले.

(दृश्य : लिलावाच्या पुस्तिकेतील तपकिरी पुठ्ठ्याच्या पेटीचे छायाचित्र.)

आणि ही ती पेटी. सस्कॅचेवान प्रांतातील एका घरात सापडलेली, १९७९-८० च्या ओ-पी-ची कार्डांची, कधीही न उघडलेली. आत १६ खोकी, प्रत्येकात ४८ पाकिटे, प्रत्येक पाकिटात १४ कार्डे. गुणाकार केला तर १०,७५२ कार्डे होतात. संच ३९६ कार्डांचा असल्यामुळे सरासरीने त्यात ग्रेट्झ्कीची सत्तावीसेक कार्डे असावीत. हेरिटेज या लिलावसंस्थेच्या फेब्रुवारी २०२४ मधील लिलावात या पेटीवर ३७ लाख २० हजार डॉलरची बोली लागली. गणित येथेच गमतीदार होते. पेटी फोडली आणि सत्तावीस कार्डे निघाली, पण त्यांचे कोपरे दबलेले, छपाई एका बाजूला सरकलेली किंवा च्युइंगमचा डाग पडलेला असला, तर पैसे बुडाले. न फोडता ठेवली, तर आत दहापैकी दहाचे कार्ड असण्याची शक्यता कायम राहते आणि किंमतही तिच्याबरोबर टिकते. पाहिलेल्या कार्डांपेक्षा न पाहिलेली कार्डे महाग, असा हा प्रकार आहे. आमच्या दृष्टीने तो थोडा वेडगळच आहे. हा माहितीपट करण्यामागचे कारणही तेच होते: उघडण्यासाठी बनवलेली वस्तू कोणीतरी खरोखर उघडताना आम्हाला पाहायचे होते.

(दृश्य : पुन्हा टेबल. फोडलेल्या वेष्टनांचा ढीग. चहाचे कप दूर सरकवलेले.)

चौदा पाकिटे झाली आहेत. तीन यंग गन्स निघाली. वडिलांच्या हाताला आता वेग आला आहे, आणि त्यामुळेच मुलगी त्यांना मध्येच थांबवते: "बाबा, हळू. कोपरे." निघालेले प्रत्येक यंग गन्स आधी मऊ, पातळ पारदर्शक पिशवीत जाते, मग टॉपलोडर नावाच्या कडक प्लास्टिकच्या खोळीत. पिशवीशिवाय थेट खोळीत सरकवले तर पृष्ठभागावर बारीक ओरखडे पडतात. ही पिशवी एका सेंटला, म्हणजे पेनीला, मिळण्याचे दिवस गेले, तरी तिचे नाव पेनी स्लीव्हच राहिले आहे.

यंग गन्सची प्रथा १९९०-९१ पासूनची, म्हणजे अपर डेकच्या पहिल्याच हॉकी संचापासूनची आहे. त्या वर्षी इतक्या कंपन्यांनी इतकी कार्डे छापली की त्या काळाची न उघडलेली खोकी आजही घराघरांत पडून आहेत आणि त्यांना फारशी किंमत नाही. खरी झळाळी आली ती २००५-०६ मध्ये. आदल्या वर्षी मालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे संपूर्ण हंगाम रद्द झाला होता, त्यामुळे सिडनी क्रॉसबी आणि अलेक्झांडर ओव्हेचकिन हे पुढे मोठे तारे ठरलेले दोघे नवखे खेळाडू एकाच हंगामात बर्फावर उतरले. क्रॉसबीचे कार्ड २०१ क्रमांकाचे, ओव्हेचकिनचे ४४३. तेव्हापासून २०१ या आकड्याला या छंदात मान आहे. टेबलावरच्या मालिकेत तो आकडा जॅक ह्यूज या नवख्या खेळाडूला मिळाला आहे आणि या घरातले सगळे त्याचीच वाट पाहत आहेत.

मुलीला ही ओढ लागली कशी, हे वडिलांनी कॅमेऱ्यासमोर सांगितले. टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानांमध्ये २०१५ पासून दर हंगामात हॉकीच्या कार्डांची छोटी पाकिटे मिळतात. वडील कामावरून येताना कॉफी घेत आणि पाकीट घरी आणत. आईस हॉकीतले आपल्याला काही कळत नव्हते, असे ते मोकळेपणाने सांगतात. संघांची नावे, खेळाडूंच्या जागा, आइसिंग नावाचा नियम म्हणजे काय, हे सारे त्यांनी मुलीकडून आणि कार्डांच्या पाठीवरच्या मजकुरातून शिकून घेतले. ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या मराठी घरांत अशी कॉफीबरोबर आलेली कार्डे ड्रॉवरमधून हमखास निघतात.

एवढे मात्र सांगितले पाहिजे की बहुतेक खोक्यांतून भरलेले पैसे परत निघत नाहीत, आणि हल्ली इंटरनेटवर थेट प्रक्षेपणात अनोळखी लोकांच्या वतीने खोकी फोडण्याचे जे ‘ब्रेक’ चालतात, त्यात लॉटरीच्या नादाला लागावे तसे लागलेले लोकही आहेत.

सोळावे पाकीट. एकशे शहात्तर, नऊ, त्रेपन्न, पुन्हा एकशे बारा.

(दृश्य : मुलीचा चेहरा. निवेदन थांबते. पाकिटे फाटण्याचा आवाज.)

(दृश्य : शेवटचे पाकीट.)

सहावे यंग गन्स चोविसाव्या पाकिटात निघाले. क्रमांक २४४. २०१ निघाला नाही.

टेबल आवरल्यावर दुसरे काम सुरू झाले, आणि आम्हाला ते अधिक आवडले. साधी कार्डे, ज्यांना बाजारात कोणी विचारत नाही, ती सतरंजीवर क्रमांकाने लावायची होती. दहा-दहाचे ढीग, ढिगांतून रांगा, दुबार कार्डे एका लिफाफ्यात. तो लिफाफा मैत्रिणीशी अदलाबदलीसाठी आहे. मग ती नऊ खणांच्या पारदर्शक पानांत सरकवायची, जे नाही त्याचा खण रिकामा सोडायचा. खोक्यात मुळात १९२च कार्डे, त्यातली विशेष आणि दुबार वगळली की दोनशेचा संच पुरा होत नाही, त्यामुळे रिकामे खण राहतातच. वडील आकडे वाचत होते, मुलगी सरकवत होती, आणि रिकाम्या खणाचा आकडा ती शाळेच्या वहीत लिहून ठेवत होती. जेवणाची हाक दोनदा येऊन गेली. १४३ व्या कार्डापाशी आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली.