पन्नास पुंगळ्या आणि एक दांडा

(दृश्य: गॅरेजचं शटर अर्धं वर. बाहेर बर्फ. आत टेबलावर दिव्याच्या उजेडात हिरवं, ओतीव लोखंडाचं यंत्र.)

टक्.

पुन्हा ऐका. टक्. काडतुसाची वापरलेली टोपी पुंगळीच्या बुडातून सुटून प्लॅस्टिकच्या डब्यात पडली, त्याचा हा आवाज.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं हे गॅरेज. गाडी बाहेर बर्फात उभी आहे, कारण आतली जागा या टेबलानं खाल्लीय. टेबलाचे मालक निवृत्त वेल्डर. नाव सांगायचं नाही एवढीच त्यांची अट, म्हणून आपण त्यांना आजोबाच म्हणू. नेमबाजीच्या रेंजवर उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या ते वेचून घरी आणतात आणि पुन्हा भरतात. स्वतःपुरती काडतुसं भरायला अमेरिकेत केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. धंदा करायचा म्हटलं की लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा सरळ गुन्हा. तेव्हा हे बघायचं ते तिकडची गोष्ट म्हणूनच.

काडतुसात चार जिनसा. पितळेची पुंगळी, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी. बार झाला की दारू जळते, गोळी जाते, टोपी निकामी होते. मागे राहतं पितळ, तेही फुगलेलं. ते दाबून मापात आणायचं आणि बाकीच्या तीन जिनसा नव्यानं बसवायच्या, यासाठी प्रेस, म्हणजे टेबलावरचं ते हिरवं यंत्र.

(दृश्य: डाय फिरवून प्रेसमध्ये बसवणारा हात.)

ज्यांच्या घरी दिवाळीत सोऱ्या निघतो त्यांना प्रेस समजावून सांगायला नको. सोऱ्या तोच, चकती बदलली की शेव, बदलली की चकली. इथं चकतीच्या जागी डाय. पिस्तुलाच्या काडतुसाला साधारण तीन लागतात. पहिली पुंगळी आवळते आणि जुनी टोपी पाडते, दुसरी तोंड जरासं मोकळं करते, तिसरी गोळी बसवते. दांडा खाली ओढला की पुंगळी वर जाते. बस्स, एवढंच यंत्र.

आणि यात एक शहाणपणाची गोष्ट झालेली आहे. बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या डायचे आटे एकाच मापाचे: सात-अष्टमांश इंच व्यास, इंचाला १४ आटे. आरसीबीएस हिरवी, डिलन निळी, ली आणि हॉर्नाडी लाल. रंगांवरून माणसं हमरीतुमरीवर येतात, पण लाल डाय हिरव्या प्रेसमध्ये निमूट बसते. डिलनचं स्क्वेअर डील बी नावाचं यंत्र तेवढं आपल्याच डाय मागतं. घेण्याआधी हे ठाऊक असलेलं बरं.

आजोबांच्या टेबलावरचं यंत्र हिरवं. या रंगाची सुरुवात कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावातली, १९४३ ची. युद्धामुळे शिकाऱ्यांना गोळ्या मिळेनात. फ्रेड हंटिंग्टन या तरुणानं वडिलांच्या लाँड्रीच्या मागल्या खोलीत एक डाय बनवली. तिच्यात .२२ रिमफायर या छोट्या काडतुसाची वापरलेली पुंगळी घालून दाबायची, की तीच नव्या गोळीचं वेष्टण व्हायची. या गोळ्या लागायच्या रॉक चक नावाच्या खारीच्या जातीतल्या डोंगरी प्राण्याच्या शिकारीला. रॉक चक बुलेट स्वेज; त्याची आद्याक्षरं म्हणजे आरसीबीएस.

गंमत बघा, ही .२२ ची पुंगळी स्वतः काही पुन्हा भरता येत नाही. तिची स्फोटक टोपी वेगळी नसतेच. मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो आणि घोड्यानं तो काठच चेचला जातो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकलं ते याच जातीच्या काडतुसांवर. म्हणजे आपल्या सगळ्यात ओळखीच्या नेमबाजाला या टेबलाचा काही उपयोग नाही.

(दृश्य: लाकडी ठोकळा. ५० भोकं, ५० उघड्या पुंगळ्या. वरून विजेरीचा झोत.)

आता मूळ प्रश्न. प्रेस घ्यायची तर कोणती?

आजोबांची आहे ती सिंगल स्टेज. एका वेळी एकच डाय. पन्नास पुंगळ्या आधी आवळून घ्यायच्या, मग डाय बदलायची, पुन्हा पन्नास. तासाला ५० ते १०० काडतुसं झाली तरी खूप. कंटाळवाणं? आहेच. पण हा ठोकळा पाहा. दारू घालून झाली की पन्नासही पुंगळ्या तोंड उघडून एका पंक्तीत बसलेल्या असतात. आजोबा वरून विजेरी मारतात आणि एकेका रांगेवर नजर फिरवतात. एखादीत दारू दुप्पट पडली असेल तर ती शेजारणीपेक्षा काठोकाठ दिसते. एखादी कोरडी राहिली असेल तर खाली अंधार दिसतो.

इथं जीव गुंतलेला आहे, म्हणून जरा थांबू. दारूचं माप ग्रेनमध्ये. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड. सोनाराच्या एका गुंजेत जेमतेम दोन ग्रेन. पिस्तुलाच्या पुंगळीत दारू इतकी थोडी लागते की चुकून दोनदा पडली तरी पुष्कळदा आत मावते, सांडत नाही, ओरडून सांगत नाही. ती उडवली तर पिस्तूल फुटू शकतं. आणि दारू पडलीच नाही, तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. फुसका बार. आपण हा शब्द हसण्यावारी नेतो. पण मागून दुसरी गोळी सुटली, तर नळीच फाटते.

टरेट प्रेस मधली. वरचं डोकं फिरतं, त्यात सगळ्या डाय आधीच बसवलेल्या. काम दुपटीनं उरकतं. याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. पिस्तुलाची शे-दोनशे काडतुसं लागणाऱ्याला पुरे.

तिसरी प्रोग्रेसिव्ह. यात पुंगळ्याच गोल तबकडीवर फिरतात, प्रत्येक डायखाली एक. दांडा एकदा ओढला की एक तयार काडतूस बाहेर. तासाला चारशे-पाचशे सहज. स्पर्धेत पिस्तूल चालवणाऱ्यांना आठवड्याला शेकड्यांनी लागतात. ते आणखी काय करणार? पण डिलनच्या ५५० या मॉडेलची तबकडी हातानं फिरवावी लागते. मधेच फोन वाजला, तबकडी फिरवायची राहिली आणि दांडा पुन्हा ओढला, तर त्याच पुंगळीत दारू दुसऱ्यांदा. ७५० ची तबकडी आपोआप फिरते, पण मधेच काही अडकलं की एकाच वेळी चार-पाच पुंगळ्या चार-पाच अवस्थांत लटकलेल्या, आणि कुठं काय झालंय ते आठवायचं तुम्ही.

माझं मत विचाराल तर पहिली प्रेस सिंगल स्टेजच, आणि ओतीव लोखंडाची. चौकट इंग्रजी ओ सारखी बंद हवी. सी सारखी उघडी जोर लागला की किंचित फाकते. रायफलची पुंगळी आवळताना हा जोर कळतो. टेबल भिंतीला बोल्टनं जखडलेलं नसेल तर दांड्याबरोबर टेबलही यायला लागतं.

(दृश्य: बुडाची कड तुटलेली पुंगळी, डायमध्ये रुतलेली.)

ही फळीवर जपून ठेवलेली डाय आजोबांच्या पहिल्या आठवड्यातली. पुंगळीला वंगण लावायचं विसरले. पुंगळी वर गेली, खाली येईना. दांडा नेटानं ओढला, तर बुडाची कड तुटून हातात आणि बाकीचं पितळ आत चिकटलेलं. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना कार्बाइडची डाय घेतली तर वंगण लागत नाही. रायफलला लागतंच.

पैसे वाचतात का, हे मी त्यांना विचारलं. ते हसले आणि गॅरेजच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं पांघरुणाखाली निळं प्रोग्रेसिव्ह यंत्र होतं.

“ते पिस्तुलासाठी. नातवंडं घरी नसतात तेव्हाच काढतो.”

(दृश्य: ठोकळ्यावर विजेरी. तिसऱ्या रांगेशी झोत थांबतो.)

एक पुंगळी त्यांनी उचलली. आतली दारू ताजव्यात ओतली. वजन बरोबर होतं. तरीही ती परत डब्यात टाकली, पुंगळी कोरडी पुसली आणि नव्यानं मोजायला घेतली.