पाच वाजून बारा मिनिटांची नोंद

[दृश्य: पहाटेचा अंधार. दूध संस्थेच्या दारातली ट्यूबलाइट. हातात किटल्या घेतलेली रांग.]

पहाटेचे पाच वाजलेत. कोल्हापूरकडच्या एका गावातली ही दूध संस्था. किटलीतलं दूध मापात पडतं, त्यातला घोटभर नमुना फॅट मशीनला लागतो आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर आकडे उमटतात. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग), दर. छोटा प्रिंटर पावती बाहेर टाकतो. सभासद ती घडी करून खिशात किंवा पदराच्या गाठीत ठेवतो. पुढची किटली.

हे आकडे इथून ज्या प्रोग्राममध्ये जातात, तो मी लिहिला. पहिली दोन वर्षं मी तो लिहीत होतो, आणि या दारात एकदाही पहाटे उभा राहिलो नव्हतो.

[दृश्य: ऑफिसातलं टेबल. उघडी वही.]

दुधाचं बिल दहा दिवसांचं असतं. एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. एका महिन्याच्या तीन तारखेला आम्ही आमचा प्रोग्राम ऑफिसातल्या जुन्या मशीनवरून क्लाउड सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दूरच्या कॉम्प्युटरवर हलवला. सगळं तपासलं. दिवसभर नोंदी व्यवस्थित येत होत्या. आम्ही खूश होतो.

अकरा तारखेला संध्याकाळी संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "साहेब, अकराची सकाळ दहात कशी घुसली?"

एका आजींनी ते पकडलं होतं. त्यांच्याकडे दुधाचं कार्ड होतं, रोज सकाळ-संध्याकाळ लिटर लिहिलेलं. एक ते दहाच्या बिलात सकाळच्या अकरा नोंदी होत्या. कार्डावर दहाच होत्या. आजी म्हणाल्या, दहा दिवसांत मी सकाळी दहादाच दूध घातलंय. मशीनपेक्षा त्यांचा कार्डावर विश्वास होता, आणि कार्ड बरोबर होतं.

कारण सापडायला रात्र गेली. नवा सर्व्हर जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालत होता. आपली घड्याळं त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे अकरा तारखेचे पहाटेचे पाच वाजून बारा मिनिटं झाली, की सर्व्हरवर अजून दहा तारखेच्या रात्रीचे अकरा वाजून बेचाळीस मिनिटं झालेली असतात. पावती संस्थेतल्या कॉम्प्युटरच्या घड्याळावर निघायची, ती बरोबर. तारीख मात्र माझा कोड सर्व्हरला विचारून टाकायचा. त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आत आलेलं सगळं दूध आदल्या दिवसात जात होतं. आठवडाभर रोज. आम्ही चाचणी घेतली ती सकाळी अकरा वाजता, चहा पिऊन झाल्यावर. तेव्हा दोन्ही घड्याळांची तारीख एकच असते.

[दृश्य: वहीचं पान, जवळून. पेनानं लिहिलेली ओळ, एक अक्षर खोडलेलं.]

दुरुस्ती पाऊण तासाची होती. ती रात्री करून मोकळा झालो असतो आणि पुढच्या वर्षी असलीच चूक दुसरीकडे केली असती. त्या आठवड्यात मी चुकांची वही सुरू केली. ती कल्पना माझी नव्हे. ती ज्यांची, त्यांच्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण आपल्या कामात इतका खुला हिशोब मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

[दृश्य: छापखान्यातले खिळे. मग गणिताची समीकरणं छापलेलं पान.]

डोनाल्ड कनूथ. तेव्हा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक. १९७७ साली त्यांच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं हातात आली आणि त्यांना ती बघवेनात. खिळ्यांची छपाई मागे पडून नवं तंत्र आलं होतं, आणि गणिताची अक्षरं त्यात विद्रूप दिसत होती. दुसरा कुणी असता तर प्रकाशकाला पत्र लिहिलं असतं. कनूथनी स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला घेतला. त्याचं नाव टेक. काम लवकर आटपेल असं त्यांना वाटलं होतं, त्यात जवळजवळ एक तप गेलं. जगभर गणित आणि भौतिकशास्त्राचे शोधनिबंध आजही त्यावर जुळवले जातात. आपल्या देवनागरीलाही त्याचा आधार मिळाला. १९९१ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात फ्रान्स व्हेल्थुइस यांनी टेकसाठी देवनागरीची व्यवस्था तयार केली, जोडाक्षरांसकट.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मार्च १९७८ मध्ये टेक चालवून बघायला सुरुवात झाली, त्याच महिन्यापासून कनूथ त्यातली प्रत्येक चूक आणि प्रत्येक बदल टिपत गेले. क्रमानं, एकही न गाळता. १९८९ साली त्यांनी ती आख्खी यादी छापली. आठशेहून अधिक नोंदी. तेव्हा ते आपल्या क्षेत्रातल्या सर्वात मानल्या गेलेल्या लोकांपैकी एक होते, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळूनही पंधरा वर्षं झाली होती. अशा माणसानं आपल्या हातून झालेल्या चुका नुसत्या कबूल केल्या नाहीत, त्यांची वर्गवारी केली. पंधरा प्रकार, प्रत्येकाला एक अक्षर. रीतच चुकली, त्याला एक अक्षर. डोक्यात बरोबर होतं पण लिहिलं भलतंच, त्याला दुसरं. करायचं ठरवलं होतं आणि ती जागा आली तेव्हा विसरलो, त्याला तिसरं. दोन भागांचा मेळ बसला नाही, एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना बिघडलं, कधी मनातही आला नव्हता असा प्रसंग उभा राहिला, अशी ही अक्षरं. अगदी साधी टंकनातली चूकसुद्धा सुटलेली नाही.

टेकमधली चूक शोधून देणाऱ्याला ते बक्षीस देत. ही रक्कम दरवर्षी दुप्पट होत होत ३२७ डॉलर ६८ सेंटवर थांबली. अनेकांनी त्यांचे चेक बँकेत टाकलेच नाहीत, जपून ठेवले. आणि स्वतःच्या प्रोग्रामची परीक्षा घ्यायला त्यांनी 'ट्रिप टेस्ट' नावाची फाइल रचली. कुठलाही शहाणा माणूस टेककडून असलं काही छापून घेणार नाही, इतकी ती आडमुठी. मुद्दाम तशी. प्रोग्रामच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरावं म्हणून.

[दृश्य: पुन्हा वही.]

माझ्या वहीतली पहिली नोंद त्या आजींच्या दुधाची. कनूथसारखं मलाही तिला अक्षर द्यायचं होतं. मी लिहिलं, 'अ'. अ म्हणजे अनपेक्षित.

दोन दिवस ते अक्षर डोळ्यांत खुपत राहिलं. अनपेक्षित काय होतं त्यात? दूध पहाटेच येतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. मी कोल्हापूर जिल्ह्यातच वाढलो, मलाही ठाऊक होतं. फक्त कोड लिहिताना ते आठवलं नाही, कारण मी 'तारीख' नावाच्या रकान्याकडे बघत होतो, दुधाकडे नाही. 'अ' खोडून मी 'न' लिहिलं. न बघता लिहिलं. कनूथांच्या पंधरा प्रकारांत हा नाही, तो मला घालावा लागला.

माझ्या मते या वहीचा खरा उपयोग इथे होतो. चूक दुरुस्त करताना आपण कोडशी बोलतो. तिला नाव देताना स्वतःशी बोलावं लागतं, आणि तिथे खोटं अक्षर फार दिवस टिकत नाही.

परवापर्यंत वहीत दोनशे सव्वीस नोंदी होत्या. त्यातल्या एकसष्ट 'न'च्या. हे कळल्यावर मी काम करायची पद्धत बदलली. नवी भाषा, नवं फ्रेमवर्क शिकतो, ते शिकावंच लागतं. पण नवं काम आलं की आधी ते जिथे चालतं तिथे जाऊन बसतो. टँकरच्या ड्रायव्हरशेजारी बसलोय. पशुवैद्यांबरोबर गोठे फिरलोय. एकदा दिवाळीच्या आधी बोनस वाटपाच्या दिवशी संस्थेत दिवसभर नुसता बघत उभा होतो, आणि बोनसचा हिशोब कागदावर जसा आहे तसा प्रत्यक्षात होत नाही हे मला तिथे समजलं.

[दृश्य: स्क्रीन. टेस्टची फाइल, वरून खाली सरकणाऱ्या हिरव्या खुणा.]

दुसरी सवय, प्रत्येक नोंदीमागे एक टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा प्रोग्राम. आणि ती दुरुस्तीच्या आधी लिहायची. आधी टेस्ट लाल (नापास) दिसली पाहिजे, म्हणजे चूक खरोखर पकडलीय हे कळतं. मग दुरुस्ती, मग हिरवी. त्या तारखेच्या टेस्टमध्ये मी घड्याळ पहाटे पाच वाजून बारा मिनिटांवर अडवून ठेवलंय. कोड आता वेळ यूटीसीमध्येच साठवतो, पण दिवस ठरवताना भारताचं घड्याळ नाव घेऊन मागतो, सर्व्हर कुठलाही असो.

आमच्याकडे नवी आलेली मुलगी परवा कोड रिव्ह्यूच्या, म्हणजे एकमेकांचा कोड तपासायच्या वेळी विचारत होती, "सर, ही पाच बाराचीच वेळ का? पाच का नाही?" मी तिला वही दिली. तिनं तास-दीड तास वाचली. एक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं: संस्थेतल्या कॉम्प्युटरचंच घड्याळ चुकलेलं असेल तर? दुपारी तिनं त्यावर टेस्ट लिहिली. ती लाल आली. नोंद क्रमांक दोनशे सत्तावीस, तिच्या अक्षरात.

[दृश्य: दूध संस्था. उजाडायला लागलंय. शेजारी उभी असलेली तरुण मुलगी, हातात वही.]

आज ती माझ्याबरोबर आली आहे. चारला उठून. मापाच्या टेबलापाशी उभी राहून ती संस्थेच्या कॉम्प्युटरवरचं घड्याळ आणि स्वतःचा मोबाइल आलटून पालटून बघतेय.

चार मिनिटांचा फरक आहे.

ती वहीत लिहून घेते. रांगेतल्या आजी विचारतात, "काय लिवतीस गं पोरी?"

"घड्याळ मागं आहे, आजी."

"ते व्हय," आजी म्हणतात. "ते गणपतीपास्नं मागंच हाय."