टॉर्चवर अंडी बघताना

नमस्कार मंडळी! आज बोलूया घरच्या घरी अंडी उबवण्याबद्दल, आणि त्यातही ती टॉर्चवर धरून बघण्याबद्दल, पोल्ट्रीवाले ज्याला कॅन्डलिंग म्हणतात ते.

आता घरात खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला तयार झालेली, कोंबडी असेल तर काही बघायलाच नको, टोपलीत भुसा घाला, दहा-बारा अंडी ठेवा, बाकी तिचं ती करते, अंडी उलटवते पण. पण कोंबडी खुडूक कधी बसेल याची वाट कोण बघणार, म्हणून हल्ली बरेच जण थर्माकोलचा बॉक्स, एक छोटा फॅन, बल्ब आणि ऑनलाइन मिळतो तो थर्मोस्टॅट, म्हणजे टेंपरेचर बघून बल्ब चालू-बंद करणारा, असं जमवून इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं मशीन, करतात. चांगला चालतो हो, फक्त बल्ब जुना पिवळा, फिलामेंटवाला घ्या, एलईडी लावला तर उजेड पडेल, ऊब काय मिळणार नाही. फॅन असेल तर 37.5 डिग्री ठेवायचं, आणि अंडी गावठीच घ्यायची, जिथे कोंबड्यांत कोंबडा फिरतोय तिथली. दुकानातल्या लेयर फार्मच्या, म्हणजे नुसत्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथल्या, अंड्यांतून पिल्लू निघायचे नेहमीचे 21 दिवस सोडा, वर्षभर बसलात तरी काही निघणार नाही, कारण तिथे कोंबडाच नसतो.

आता 7 व्या दिवशी रात्री लाइट बंद करायचे, मोबाईलचा टॉर्च लावायचा, त्यावर पुठ्ठ्याला भोक पाडून ठेवायचं आणि अंड्याची जाड बाजू त्या भोकावर टेकवायची. चांगल्या अंड्यात मधे एक काळा ठिपका आणि त्याच्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या लाल बारीक शिरा पसरलेल्या दिसतात, आणि जरा धीर धरला तर तो ठिपका हलतो पण! पहिल्यांदा बघणारी पोरं तर टॉर्च सोडायला तयार नसतात. पण मंडळी, ही नुसती गंमत नाही, बिघाड कुठे झाला ते पण इथेच कळतं, आणि बरेच जण नेमकं तेच बघत नाहीत, खराब अंडं काढून टाकलं की झालं.

म्हणजे बघा, अंडं नुसतंच पिवळसर, आरपार दिसतंय, शिरा नाहीत, अशी दोन-चार निघणारच, पण निम्मी तशी निघाली तर मशीनला शिव्या देऊ नका, कोंबडा कमी पडतोय किंवा अंडी फार दिवस साठवलीत. आठवड्यापेक्षा जुनं अंडं शक्यतो बसवूच नये. आणि शिरांऐवजी लाल कडं दिसलं, गोल रिंग, तर जीव धरला होता पण मेला. असं एखादं असतंच, पण जास्त असली तर मात्र टेंपरेचर तपासा. लाइट तासभर गेली, अंडी जरा गार झाली तर निभून जातं, कोंबडी पण उठून दाणे टिपायला जातेच की, पण जास्त तापलेलं अंडं वाचत नाही. आणि इथेच विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी ऐका, मे महिन्यात खोलीच 42 डिग्रीला गेली तर थर्मोस्टॅट बल्ब बंद करेल, गारवा कुठून आणणार तो? शिवाय त्या उन्हाळ्यात टोपलीत ठेवलेली अंडी उबवायच्या आधीच अर्धवट वाढायला लागतात आणि मरतात. सरळ पाऊस पडल्यावर बसवा.

गावठी अंड्याचं कवच गडद असेल तर 7 व्या दिवशी नीट दिसत नाही, शंका असली तर टाकू नका, 10 व्या दिवशी परत बघा. वास यायला लागला तर मात्र लगेच बाहेर, फुटलं तर घरात थांबवणार नाही.

पुढे 18 व्या दिवशी शेवटचं बघायचं. आता जवळजवळ सगळं काळं दिसतं, फक्त जाड बाजूला हवेची पोकळी, अंड्याच्या साधारण एक तृतीयांश. त्याहून फार मोठी असेल तर हवा कोरडी होती, वाटीभर पाणी ठेवायला हवं होतं, आणि लहान असेल तर ओल जास्त, कोकणात पावसाळ्यात हे हमखास होतं, तिथे सुरुवातीला पाण्याची गरजच पडत नाही. तोपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा उलटवत होतो ते आता बंद, पाणी वाढवायचं आणि झाकण उघडायचं नाही. पिल्लाने आतून टोच मारल्यापासून ते बाहेर यायला कधी कधी आख्खा दिवस लागतो, आपण नखाने कवच सोलायला गेलो की रक्त येतं, तेव्हा हात लावू नका. बाहेर आलं की वाळेपर्यंत तिथेच राहू द्या, पोटात पिवळा बलक असतो, एक-दोन दिवस उपाशी राहिलं तरी काही होत नाही.

आणि आठवड्याच्या आत राणीखेत रोगाची लस, लासोटा नावाची, ती विसरू नका. बाटली मात्र कमीत कमी शंभर पिल्लांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायला लागते, म्हणून शेजारीपाजारी कोणाची पिल्लं आहेत ते आधीच विचारून ठेवा आणि सगळ्यांची एकाच दिवशी उरका.