टायमिंग बेल्ट तुटल्यावर

(दृश्य : उघडं बॉनेट. स्टार्टरचा आवाज.)

हा आवाज नीट ऐका. स्टार्टर फिरतोय, पण जोर लावल्यासारखा नाही. हलका, एकसारखा, सरसर. एरवी सिलिंडरमधली हवा दाबताना त्याला दरवेळी ताकद लागते आणि तो ठेका आपल्या कानात बसलेला असतो. इथे तो ठेकाच नाही, म्हणजे हवा दाबलीच जात नाहीये. जाणता मेकॅनिक एवढ्यावरच मालकाला थांबवतो : "दादा, आता सेल मारू नका."

चार सिलिंडरची ही डिझेल गाडी साताऱ्याकडे निघाली होती. खंबाटकी घाट चढताना ती चालता चालता बंद पडली. धूर नाही, मोठा खडखडाट नाही. आजूबाजूचे लोक धावून आले आणि आपल्याकडे कुणीही करतो तेच त्यांनी केलं : गिअर टाकून धक्का मारला. मनापासून केलेली ही मदत अशा इंजिनाला फार महाग पडते. का, ते बघू.

पिस्टनना जोडलेला, खालचा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणारा, वरचा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमशाफ्टची एक व्हायला हवी. हा मेळ दातेरी रबरी पट्टा, म्हणजेच टायमिंग बेल्ट, राखतो. 1962 च्या सुमारास जर्मनीच्या ग्लास (Glas) या मोटार कंपनीने आपल्या 1004 मोटारीत तो वापरला. तोवर हे काम बहुतेक ठिकाणी साखळी नाहीतर गिअर करत. आपल्याकडची 1983 ची मारुती 800, 1998 ची इंडिका, दोन्हींत पट्टाच.

2,400 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 2,400 फेऱ्यांना, क्रँक सेकंदाला 40 फेऱ्या मारतो. पट्टा गेला की कॅम जागीच थांबतो, कारण व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला अडवतात. क्रँक मात्र गाडीच्या वेगाने फिरत राहतो. मग जे व्हॉल्व्ह उघडे राहिले, त्यांच्यावर पिस्टन येऊन आदळतो. काही पेट्रोल इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा असते आणि नवा पट्टा घातला की गाडी चालू होते. डिझेलमध्ये ती आशा धरू नये. वर आलेला पिस्टन आणि हेड (सिलिंडरवरचं, व्हॉल्व्ह बसवलेलं झाकण) यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर अंतर उरतं. म्हणून एक धक्का, एक सेल, म्हणजे आणखी एक मार.

(दृश्य : बेल्टचं कव्हर निघतं. टॉर्च.)

वरून पाहिलं तर पट्टा शाबूत! इथेच बरेच जण फसतात आणि डिझेल पंप, सेन्सर, फ्यूज तपासत बसतात. आमच्या मेकॅनिकने ऑईल भरायचं झाकण काढलं, आतल्या कॅमवर टॉर्च मारला आणि पान्याने क्रँक अगदी किंचित हलवला. कॅम ढिम्म. खालचं कव्हर काढल्यावर क्रँकच्या चाकापाशी पट्ट्याचे दात सोलून निघालेले दिसले.

आता खरा प्रश्न : दात का सोलले? बोट एकेका पुलीवर फिरतं. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर ठीक. पट्ट्याला वाट दाखवणारी आयडलर पुली ठीक. कॅमच्या सीलमधून ऑईल गळालेलं नाही. वॉटर पंपाची पुली मात्र हाताने फिरेना, आणि तिच्याखाली वाळलेल्या कूलंटचा हिरवट थर. पंपाचं बेअरिंग जाम झालं, पट्टा अडला आणि सगळा जोर क्रँकच्या चाकावरच्या दातांवर आला. हे न बघता नुसता नवा पट्टा चढवला असता, तर तोही फार टिकला नसता.

नुकसान किती, हे हेड उतरवण्याआधीच बरंचसं कळतं. क्रँक अशा जागी आणायचा की चारही पिस्टन मधोमध येतील. मग कॅम फिरवला तरी काही धडकत नाही. ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद असायला हवेत, त्यात कमी दाबाची हवा सोडायची आणि कान लावायचा. इनटेकच्या पाइपातून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह वाकलेला. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्टचा. थोडी हवा डिपस्टिकच्या नळीतून येणारच, ती पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेली. पण बुडबुडे रेडिएटरमध्ये आले तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची पातळ पट्टी, बघावं लागतं.

इथे दोन नंबरच्या सिलिंडरला इनटेक व्हॉल्व्ह वाकलेला, तीनला एक्झॉस्टचा.

(दृश्य : उतरवलेलं हेड, पिस्टनचा माथा जवळून.)

पिस्टनच्या काजळीवर हे चंद्रकोरीसारखे चकचकीत ओरखडे, व्हॉल्व्ह आदळल्याची खूण. पिस्टनला तडा नाही, बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) ओरखडा नाही, हे नशीब. कॅमचा दाब व्हॉल्व्हवर देणारे दोन रॉकर मात्र मोडलेत. व्हॉल्व्ह सगळेच काढून लेथवर फिरवून बघतात, कारण डोळ्यांना सरळ दिसणारा व्हॉल्व्हसुद्धा चकमध्ये लावला की डगमगताना दिसतो. व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो ती गाइडही तपासायची, नाहीतर नवा व्हॉल्व्ह वाकड्या गाइडमध्ये बसतो आणि महिनाभरात गाडी परत गॅरेजला येते.

जोडताना पट्टा, टेन्शनर, आयडलर आणि पंप चारही नवे. क्रँक आणि कॅमच्या चाकांवरच्या खुणा जुळवून क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या पान्याने, हातानेच. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, खुणा पुन्हा बघायच्या. फेऱ्या सुरळीत झाल्या, की आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (दाबलेल्या हवेचा दाब) मोजायचं. आकडे एकमेकांच्या जवळपास आले, तरच चावी मालकाच्या हातात.