उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टर

ट्रेमधली ही पांढरी सिरिंज प्रोपोफॉलची. एरवी भूल द्यायला हीच उचलतात. आज ती तशीच पडून राहणार आहे.

बाळ होऊन अर्धा तास झालाय. वार पडली, पण गर्भाशय आकसत नाही. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयातून मिनिटाला साधारण 600 ते 700 मिलीलिटर रक्त वाहतं. वार सुटली की स्नायूंनी आवळून त्या वाहिन्या बंद करायच्या असतात. इथे ते ढिलेच राहिलेत.

रक्त टिपून भिजलेले मॉप, म्हणजे ऑपरेशनची कापडं, वजनकाट्यावर चढतायत. कोरड्या मॉपचं वजन वजा केलं, की उरलेला एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलीलिटर रक्त. नुसत्या नजरेनं रक्त कमीच वाटतं.

मॉनिटरवर वरचा रक्तदाब 104. बरा वाटतो ना? तरुण बाळंतिणीचं शरीर तो बराच वेळ सावरून धरतं. पण नाडी 128 आहे, दाबाच्याही पुढे. उशाशी उभ्या भूलतज्ज्ञांची नजर तिथेच आहे. त्यांना रक्त वाहू लागताच बोलावलं होतं, आणि तसंच बोलवायला हवं.

पाठीत इंजेक्शन दिलं तर कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतील आणि दाब कोसळेल. प्रोपोफॉलही दाब पाडतं. म्हणून पूर्ण भूल, दाब फारसा न पाडणाऱ्या केटामाइननं, आणि मात्राही नेहमीपेक्षा कमी.

श्वासनलिकेत नळी घातली. आता हा हात बघा, भूल टिकवणाऱ्या सेव्होफ्लुरेन वायूच्या नॉबवरचा. हा वायू जितका वाढवाल तितकं गर्भाशय ढिलं पडतं. फार कमी केला तर बाई ऑपरेशन चालू असताना जागी होईल. त्या दोन्हींच्या मधे नॉब धरून ठेवायचा, मिनिटामिनिटाला. (गर्भाशय उलटून बाहेर आलं असेल, तेव्हा ते जागेवर बसवायला हीच ढिलाई मुद्दाम आणावी लागते.)

दुसऱ्या हातानं गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन, सावकाश. भरकन दिलं तर दाब पडतो. रक्तस्राव रोखायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम, दहा मिनिटांत. बाळ झाल्यापासून तीन तासांच्या आत ते गेलं पाहिजे. रक्ताची पिशवी गरम करणाऱ्या यंत्रातून येतेय, कारण अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही.

गर्भाशयाला आवळणारे टाके पडले. रक्त थांबलं, गर्भाशय वाचलं.

नाडी 112. थोड्या वेळानं 96.

ती डोळे उघडते.