पदेर, पेनड्राइव्ह आणि माईंचा लॅपटॉप

श्रोतेहो, नमस्कार.

टक्, टक्. ऐकू आलं? समोरच्या टेबलावर मी एक पेनड्राइव्ह आपटतोय. आठ जीबीचा, टोपण हरवलेला, काळ्या दोऱ्यात ओवलेला. यात एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. संगणक सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत त्याचा सगळा कारभार पाहणारी ती ही व्यवस्था. तिच्यासाठी मी कुणाला एक रुपयाही दिलेला नाही, आणि ती चोरलेलीही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, यावर फोंड्याला आमच्या वाड्यावर अजून कुणाचा पुरता विश्वास बसलेला नाही.

विषय निघाला तो शेजारच्या माईंमुळे. माई वाड्यावरच्या मुलांना भजन शिकवतात. त्यांचे सगळे अभंग, गौळणी, आरत्या एका लॅपटॉपवर आहेत. लॅपटॉप २०१५ सालचा, एक बिजागरी सैल झालेली, पण चालतो. एके दिवशी त्याच्या पडद्यावर सूचना आली की विंडोज १० चा आधार संपला. माई लॅपटॉप सुपासारखा दोन्ही हातांत धरून आमच्या दारात उभ्या. "भाऊ, हा आता भंगारात घालायचा काय?"

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार थांबवला. यंत्र त्या दिवशी बंद पडलं नाही, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळण्याचा नेहमीचा मार्ग संपला. काहींना वर्षभराची वाढीव मुदत घेता येते, पण ती मुदतच. विंडोज ११ घालावं, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. माईंचा पाचव्या पिढीचा. माणूस धडधाकट, पण शिधापत्रिकेवर नाव नाही, तशी गत.

मी म्हटलं, "माई, लिनक्स घालूया."

आता मी मराठीचा शिक्षक होतो, संगणकाचा नव्हे. म्हणून आधी शब्दाबद्दल बोलतो. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने ग्नू प्रकल्प जाहीर केला. संगणकाची प्रणाली वापरण्याचं, तिचं काम समजून घेण्याचं, ती बदलण्याचं आणि वाटण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना हवं, हा त्याचा आग्रह. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहायला घेतला, त्याला कर्नल म्हणतात. दोन्ही एकत्र आले आणि आपण ज्याला सरसकट लिनक्स म्हणतो ते उभं राहिलं. इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की फुकट की मुक्त, हे त्यांना आजही समजावत बसावं लागतं. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. त्यातून १९ डिसेंबरला मुक्तिदिन पाळणाऱ्या गोव्यात मुक्तीचा अर्थ मी काय सांगू!

मग सगळे विचारतात तो प्रश्न माईंच्या पुतण्याने विचारला. "भाऊ, सगळ्यात चांगलं लिनक्स कुठलं?"

सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की आपण पिशवी घेऊन बाहेर जातो. त्याच्या टोपलीत पाव असतो, कडक सालीचा उंडो असतो, कोंडा लावलेली पोई असते, चहात बुडवायची काकणं असतात. पीठ एकाच भट्टीतलं, पण आकार, भाजणं आणि कुणासाठी हे वेगळं. लिनक्सची डिस्ट्रिब्युशनं तशीच. गाभा एकच. त्याभोवती खिडक्या, मेनू, लेखनाची साधनं, नवी सॉफ्टवेअरं आणण्याची सोय हे सगळं भाजून कुणी डेबियन देतो, कुणी उबुंटू, कुणी फेडोरा, कुणी मिंट. डेबियन १९९३ पासूनचं. त्याच्यावरून २००४ मध्ये उबुंटू निघालं, आणि उबुंटूवरून २००६ मध्ये मिंट. पूर्वी उबुंटूवाले मागणाऱ्याला त्याची सीडी टपालाने घरपोच, फुकट पाठवायचे. माझ्याकडे तशी एक अजून आहे. तिला आता बुरशी आली आहे, हा आपल्या हवेचा गुण.

टोपलीत सगळ्यात चांगलं काय, असं आपण पदेराला कधी विचारतो का? दात नसलेल्या आजोबांना उंडो देऊन काय उपयोग! तरी नवशिक्यासाठी मी एक कसोटी सांगतो आणि तिच्यावर मी अडून आहे. तुमच्या हाकेच्या अंतरावर कोण काय वापरतो, ते पाहा. वाड्यावरचा एखादा कॉलेजचा मुलगा, बँकेतली भाची, साखळीचा मेहुणा, कुणीही. तो उबुंटू वापरत असेल तर तुम्ही उबुंटूच घ्या. रात्री आठ वाजता आवाज येईनासा झाला तर तोच चप्पल घालून येणार आहे. इंटरनेटवर दहा डिस्ट्रिब्युशनांची तुलना वाचून महिना घालवणारे मी पाहिले आहेत. त्यांचा लॅपटॉप अजून तसाच आहे.

आणि जवळपास कुणीच नसेल तर? मग डोळे मिटून लिनक्स मिंट. सिनॅमन नावाची त्याची मांडणी विंडोजच्या सवयीच्या माणसाला परकी वाटत नाही. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. रॅम दोन जीबी असली तरी ते म्हणतात चालेल, पण चार असावी. त्याहून अशक्त यंत्राला एक्सएफसीई नावाची हलकी मांडणी. मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. नवशिक्याने हे 'किती वर्षं सांभाळणार' जरूर पाहावं.

हे सगळं गोव्याला अगदीच नवं नाही. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टच्या माध्यमातून इथल्या काही शाळांत परदेशातून आलेले वापरलेले संगणक लिनक्सवर चालवले गेले. केरळच्या सरकारी शाळांत तर मुलं संगणक शिकतात तीच मुळी लिनक्सवर.

आता माझी एक चूक सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच बेतलेलं आहे. पहिल्यांदा मी लिनक्स घातलं तेव्हा पडद्यावर दोन पर्याय होते. एक, विंडोजच्या शेजारी घाला. दोन, संपूर्ण डिस्क पुसून घाला. मी दुसरा निवडला. का? कारण तो आधीच निवडलेला दिसत होता आणि मला घाई होती. जत्रेत आमचं हौशी मंडळ नाटक करतं. त्याच्या संहिता मी दोन पावसाळे बसून टाइप केल्या होत्या, त्या एका क्षणात गेल्या. यंत्राने विचारलं होतं, 'नक्की?' मी 'हो' म्हटलं होतं. दोष कुणाला देणार? मंडळाने मला त्या वर्षी प्रॉम्प्टर केलं, हातात जुनी, वाळवी लागलेली हस्तलिखित वही देऊन.

म्हणून माईंना पहिलं वाक्य हेच. आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर काढा. अभंग, फोटो, लग्नपत्रिका, आधारची प्रत, सगळं. मग ती डिस्क दुसऱ्या कुणाच्या संगणकाला लावून दोन फायली उघडून पाहा. कॉपी केली एवढ्यावर समाधान मानू नका. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल, म्हणजे डिस्कला कुलूप असेल, तर त्याची अठ्ठेचाळीस आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नंतर ती मागितली गेली आणि तुमच्याकडे नसली, तर देवाला गाऱ्हाणं घालूनही उपयोग नाही.

पुढचं काम सोपं. मिंटच्या अधिकृत जागेवरून आयएसओ फाइल, म्हणजे सगळी प्रणाली बांधलेलं एकच गाठोडं, उतरवायची, साधारण तीन जीबी. ती नीट उतरली का, हे चेकसम, म्हणजे त्या फायलीची आकडी खूण, जुळवून पाहता येतं. अर्धवट उतरलेल्या फायलीमुळे पुढे भलतीच दुखणी उद्भवतात, म्हणून हा कंटाळा करू नये. मग एचरसारख्या साधनाने ती पेनड्राइव्हवर लिहायची. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, त्यातून यंत्र सुरूच होणार नाही. आणि पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जाणार, हेही ध्यानात ठेवा.

पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना एफ १२ दाबायचं. काही यंत्रांत एफ ९, काहींत एफ २, काहींत एस्केप. माईंच्या यंत्रात कुठलं, ते शोधण्यात आमचा एक चहा संपला. मग समोर पूर्ण लिनक्स उभं राहतं, डिस्कला हातही न लावता. याला लाइव्ह म्हणतात, आणि माझ्या मते नवशिक्यासाठी या सगळ्या प्रकरणातली सर्वात मोलाची गोष्ट हीच. मुलगी पाहायला गेल्यासारखं दहा मिनिटांत उठू नका. दोन संध्याकाळी तिथेच बसा. वायफाय दिसतं का? भजन लावून पाहा, आवाज येतो? पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो? झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं? प्रिंटर ओळखतं? पेनड्राइव्हवरून चालतं म्हणून थोडं संथ वाटेल, तेवढं सोडून द्या.

माईंच्या यंत्रात वायफाय दिसेना. काही जुन्या वायफाय चिपांचं असं होतं, त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राला ती चिप चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर, वेगळा घालावा लागतो. पण तो उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटसाठी वायफाय हवं! यावर तोड अशी की मोबाइल यूएसबी वायरने जोडा आणि त्यातलं यूएसबी टेदरिंग चालू करा. यंत्राला मोबाइलमधून इंटरनेट मिळतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडायचं, ते स्वतःच सुचवतं. पुतण्याला ही युक्ती इतकी आवडली की त्याने ती माईंना तीनदा समजावून सांगितली.

प्रत्यक्ष घालण्याचं काम अर्ध्या तासाचं. तेव्हा मिरगाचा पाऊस सुरू होता आणि वीज लपंडाव खेळत होती, म्हणून मी आधी लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून घेतली. बॅटरी नसलेला डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर हवा, नाहीतर सरळ उघडिपीचा दिवस पाहा. डिस्कचे भाग पाडले जात असताना वीज जाणं चांगलं नव्हे. विंडोज आम्ही ठेवलं, शेजारी मिंटला साठ जीबी जागा दिली. माईंना विंडोज लागतं असं नाही, पण ते आहे हा धीर लागतो. ज्यांचं दुकान विंडोजवरच्याच एखाद्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्यांना तर ते ठेवावंच लागेल. त्यांना मी उगाच भरीस घालणार नाही.

खरी परीक्षा पुढे होती. माईंनी अभंगांची फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस यांचा नुसता सडा! तुकोबा ओळखू येईनात. माईंचा चेहरा पाहवेना. पण अभंग गेले नव्हते. ते कुणीतरी वीस वर्षांपूर्वी युनिकोडपूर्व फाँटात टाइप केले होते. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट फक्त त्यांना देवनागरीचा वेष चढवतो. दशावतारातल्या संकासुरासारखं, वेष उतरला की आत भलताच माणूस. युनिकोडमध्ये मात्र 'क' ला 'क' चाच क्रमांक, मग यंत्र कुठलंही असो. तो जुना फाँट आम्ही विंडोजमधून आणून मिंटमध्ये बसवला, तेव्हा अभंग दिसू लागले. कायमचा उपाय म्हणजे फाँट-परिवर्तक वापरून सगळं युनिकोडमध्ये आणणं. त्यात रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात. माई रोज दोन अभंग तपासतात, चष्मा नाकावर, गुणगुणत.

नवं टंकलेखन सोपं आहे. कीबोर्डच्या मांडणीत मराठी जोडलं की इनस्क्रिप्ट मिळतो. त्यात स्वर बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. पंधरा दिवस बोटं अडखळतात, मग चालू लागतात. ज्यांना इंग्रजी स्पेलिंग ठोकून मराठी हवं, त्यांच्यासाठी आयबस नावाच्या टंकलेखनाच्या साधनातून तशी सोय आहे. मी इनस्क्रिप्टवाला, दुसऱ्या बाजूशी भांडणार नाही. आज नाही.

परवा संध्याकाळी सहाला भजनाचा वर्ग भरला. माईंनी काहीतरी शोधायला बऱ्याच दिवसांनी विंडोज उघडलं, तर घड्याळात साडेबारा. त्यांनी मला हाक मारली. यंत्रातल्या घड्याळात लिनक्स बहुधा ग्रीनिचची वेळ ठेवतं, आणि विंडोज तीच आपली वेळ समजतं. म्हणून बरोबर साडेपाच तास मागे. इंटरनेट मिळालं की ते सुधारतं. लिनक्सकडून एका ओळीच्या आज्ञेने कायमचंही सुधारता येतं, पण ती ओळ रेडिओवरून सांगितली तर तुम्ही स्टेशन बदलाल.

मी आज्ञा टाइप करायला खुर्ची ओढली. माई म्हणाल्या, "राहू दे भाऊ. तिथं मी आता जाते कुठं? तू टाळ घे."